बेडं लावून गेलेला चोर

आमच्या घरात दारू प्यायची ती सासऱ्यांनी आणि बोलणी खायची ती दारूने, अशी वाटणी होती. काजूचे दिवस आले की घरात हुर्राक यायचा. दोन पेले पोटात गेले की सासऱ्यांना आमटीत मीठ कमी लागे, आणि ताट सरळ अंगणात. सकाळी उठून ते माडाच्या शेंड्याकडे बघत म्हणायचे, "रातचां माका कायच आठवणा नाय. सोऱ्यान केल्यान सगळां." सोरो म्हणजे दारू. सासूबाईही मान डोलवायच्या, की सोरोच मेला वाईट, माणूस आपला देवासारखा. मी नवी सून. ताटाचा चेपलेला काठ ठोकून सरळ करत बसायची, आणि मला एकच गोष्ट कळायची नाही. सासऱ्यांचे थोरले भाऊ कधी पंक्तीला असले, तर हुर्राक कितीही चढलेला असो, ताट जागचं हलत नसे. म्हणजे सोऱ्याला बाकी काही कळो न कळो, थोरला भाऊ बरोबर कळत होता.

तेव्हा हे बोलायची सोय नव्हती. आता सासरे नाहीत, थोरले भाऊ नाहीत, ताटंही स्टीलची आली. पण ती गोष्ट मला पुन्हा आठवली ती डिचोलीच्या कोर्टात, साक्षीच्या पिंजऱ्यात उभी असताना, आणि हसू आवरता आवरेना. कोर्टात हसू नये म्हणतात. म्हणून इथे सांगते.

मी मुळगावची. शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं वाचन दुकानदाराच्या पुड्यांच्या कागदांवर झालं, त्यामुळे मला बहुतेक बातम्यांची सुरुवात माहीत असते, शेवट फाटलेला असतो. एक बातमी मात्र शेवटासकट माझ्याच पडवीत येऊन बसली.

आमच्या कुंपणाला लागून एक बिऱ्हाड राहतं. नवरा सिंधुदुर्गातून खाणीवर ट्रक चालवायला आला, मागाहून बायको आली, आणि ती माणसं इथलीच झाली. त्या बाईला मी नुसतं 'बाय' म्हणते, ती मला 'वैनी' म्हणते. तिचा एकुलता एक झील, म्हणजे मुलगा, माझ्या पडवीत रांगला, माझ्या हातची पेज खाऊन, काकी काकी करत मोठा झाला. तिच्या घरी एक गायही होती. त्या गाईला अख्ख्या मुळगावातलं गवत कडू लागायचं. तिला पाहिजे असायची ती माझी अबोली.

म्हणून आमच्या दोन घरांच्या मधे बेडं आहे. बेडं म्हणजे कुंपणातली वाट अडवायला केलेलं बांबूचं फाटक. दोन बाजूंना भोकं पाडलेले दोन खांब, त्यांत आडवे बांबू एकेक करून सरकवायचे. ते वाऱ्याने लागत नाही की वाऱ्याने उघडत नाही. लावायला दोन हात लागतात आणि थोडं ध्यानही लागतं, कारण एक बांबू जरा आखूड आहे, तो तिरपा धरल्याशिवाय बसत नाही. त्या मुलाला लहानपणी मी शिस्त म्हणून एवढी एकच लावली. ये, जा, हवं ते खा, पण बेडं लावून जा. विसरला तर परत पाठवायची. त्याच्या आईने त्याला शंभर गोष्टी शिकवल्या, त्यातली एक राहिली नाही. माझी एकच होती, ती राहिली. पुढे सगळं घोडं तिथेच अडलं.

खाणी बंद पडल्या तशी त्याच्या बापाचा ट्रक दारात उभा राहिला, चाकांच्या मधून गवत वर आलं. मुलगा पेडण्याकडे, किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात कामाला लागला. पहिल्या वर्षी येताना माझ्यासाठी बिस्किटं आणायचा. मग नुसताच यायचा. मग रात्री-बेरात्री यायचा, आणि गेल्यावर त्याच्या घरातलं काही ना काही दिसेनासं व्हायचं. बाय एक दिवस येऊन म्हणाली, "वैनी, माझ्या झिलाक पावडर लागली गे."

हा 'लागली' शब्द आमच्याकडे फार सोयीचा आहे. भूत लागतं, दृष्ट लागते, करणी लागते. लागलेल्या माणसाचा त्यात दोष नसतो, तो बिचारा वाटेने चालला होता आणि त्याला लागलं.

तर त्या दिवशी दुपारचं जेवून मी सोप्यावर अबोलीची फाती, म्हणजे गजरा, विणत बसले होते. सोपा म्हणजे पडवीतला आमचा दगडी ओटा, त्याच्याखाली लगेच अंगण. मुलगा बेड्यातून आला. पायरीशी चपला काढल्या. नाक गळत होतं, डोळे लाल.

"काकी, एकटीच?"

"नाय रे, भितर सैन्य आसा. बस. पेज वाढू?"

बसला नाही. माझा डावा हात हातात घेतला. मला वाटलं रडणार आता, आणि मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवायला दुसरा उचललाही. तो म्हणाला, "पाटली दी."

आता माझ्या डाव्या हातात दोन पाटल्या. एक आईकडची, खऱ्या सोन्याची. तिची जोडीदारीण मुलाच्या शिक्षणात गेली, तेव्हा जोड दिसावी म्हणून म्हापशाच्या बाजारातून मुलामा दिलेली आणली. दोघी शेजारी शेजारी बसल्या, की हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना कधी फरक कळला नाही. सख्ख्या सुनेला कळला नाही. त्या मुलाने मुलाम्याची कोपराकडे सरकवली आणि नेमका दुसरीला हात घातला.

ती निघेना. तरुणपणी चढवलेली, हात त्यानंतर सुखाने जाड झालेला. तेव्हा तो आत गेला, फळीवरची खोबरेल तेलाची बाटली घेऊन आला, आणि माझ्या मनगटाला तेल चोळू लागला. चोळता चोळता विचारतो, "काकी, दुखता?"

"दुखता रे मेल्या, सोड!"

"वायच थांब," म्हणाला आणि ओढली. पाटली निघाली, आणि मी सोप्यावरून खाली अंगणात. हाताखाली दगड आला. सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला, तो माझा आहे हे मला मागून कळलं.

तो एक क्षण उभा राहिला. मग गेला. मी आडवी पडून बघत होते. बेड्यातून बाहेर पडला, चार पावलं गेला, थांबला, मागे वळला. आणि एकेक करून सगळे बांबू सरकवले. तो आखूड बांबूसुद्धा तिरपा धरून बसवला. मग पळाला.

खोटं कशाला सांगू, त्या घटकेला मला राग आला नाही. मनात आलं, बरं झालं, गाय येणार नाही.

मग मी ओरडले. पहिली धावत आली ती बाय. बेडं लावलेलं, त्यामुळे तिला ते आधी काढावं लागलं. मला उठवून बसवत म्हणाली, "कोणी केल्यान गे? कोण मेलो तो?"

मी म्हटलं, "तुझो झील."

ती माझ्या शेजारीच जमिनीवर बसली. दोघी तशाच बसून राहिलो, लोक येईपर्यंत.

संध्याकाळी तो पोलिसांना मयेच्या तळ्याकाठी झोपलेला सापडला. पाटली एकाने विकत घेतली होती, त्याच्याकडून ती परत आली. तो विकत घेणारा म्हणाला, चोरीची आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. ज्या हॉटेलात मुलगा कामाला होता त्या मालकाला ठाऊक नव्हतं. पावडर कुठून येते ते किनाऱ्यावर कोणालाच ठाऊक नव्हतं. आणि मुलगा म्हणाला, त्याला तर त्या दुपारचं काहीच आठवत नाही. म्हणजे एवढी मोठी गोष्ट झाली आणि ती ठाऊक असलेली बाई अख्ख्या तालुक्यात मी एकटी.

माझा मुलगा फोंड्याला असतो. तो धावत आला, हाताला प्लॅस्टर घालून घेतलं आणि म्हणाला, चल माझ्याकडे. मी गेले नाही. मग माझं घरकाम कोणी केलं असेल? बायने. सकाळी पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, पोया घ्यायच्या, भांडी, धुणं, अबोलीला पाणी, आणि संध्याकाळी माझे केस विंचरायचे. चोराच्या आईकडून वेणी घालून घेणारी बाई डिचोली तालुक्यात दुसरी नसेल. केस विंचरताना तोंड दिसत नाही, त्यामुळे बोलायला बरं पडतं. तिने एका संध्याकाळी विषय काढला.

"वैनी, तो तो नव्हतो गे."

"मगे कोण होतो?"

"ती पावडर."

"पावडरीक माझां घर कसां गावलां?"

दोन-चारदा कंगवा फिरला. मग म्हणाली, "वकील म्हणता, कोणी तरी सरबतातून पाजल्यान असां सांगूक व्हयां. मगे कायदो सोडता म्हणे. तू फक्त इतक्याच सांग, की डोळे फिरले होते आणि तुका वळखल्यान नाय."

"वळखूक नाय? अगे, 'काकी' म्हणान हाक मारल्यान!"

"ती सवय गे."

"'दुखता?' म्हणान विचारल्यान."

"स्वभाव चांगलो, म्हणान."

मग तिने सगळ्यांना एकेक करून पिंजऱ्यात उभं केलं. पावडर विकणारे, किनाऱ्यावरचे गोरे, हॉटेलचा मालक, त्याच्याही आधी ट्रक, ट्रकच्या आधी खाण. खाण चालू असती तर बाप कमावता असता, बाप कमावता असता तर झील किनाऱ्यावर गेला नसता.

मी म्हटलं, "आणखी मागे जा. पोर्तुगीजांक धर. ते काय आता परत येवचे नाय उत्तर देवक."

ती हसली. हसता हसता रडायला लागली आणि माझ्या डोक्यावर टपटप पडायला लागलं. "एकच आसा गे माका," म्हणाली. "तुरुंगात गेलो तर तो थंय पुरतो बिघडात. तुझ्या एका शब्दावर आसा."

ते खरंच होतं. दुसरा साक्षीदारच नव्हता. आणि तो तुरुंगात जाऊन सुधारेल असं काही माझ्याही मनाला वाटत नव्हतं.

तो जामिनावर सुटून घरी आला, तेव्हा मी त्याला कुंपणापलीकडून बघत असे. उन्हात घोंगडी पांघरून बसायचा आणि दात वाजायचे. उलट्या, घाम, रात्री आईला मारलेल्या हाका. ते ढोंग नव्हतं, हे मी कोणासमोरही सांगेन. माझ्या सासऱ्यांचा सोरो वेगळा आणि हे वेगळं. हे माणसाला आतून कुरतडतं. जरा बरा झाल्यावर आईने त्याला माझ्याकडे आणलं. चपला काढून आत आला, माझ्या पाया पडला आणि पाठ केल्यासारखं म्हणाला, "काकी, माका कायच आठवणा नाय. पण माझ्या हातून घडलां, माका माफ कर."

"बरां," मी म्हटलं. "तुझ्या हातून घडलां नि माझ्या हाताक घडलां. मगे हातांका काय तां विचारूया, आपण दोघां कशाक मधे पडू?"

त्याने मान वर केली नाही. पण जाताना मी बघत राहिले. बेडं लावून गेला.

खटल्याची तारीख जवळ आली तसं बायने देवळात गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. आमच्याकडे अडलं-नडलं की गावचा जाणता देवासमोर उभा राहून माणसाच्या वतीने देवाशी बोलतो, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी 'व्हय महाराजा' म्हणायचं. होय म्हणणारी माणसं जेवढी जास्त, तेवढं गाऱ्हाणं वजनदार. बाय मला म्हणाली, तुझं व्हय सगळ्यांत महत्त्वाचं, देवाला कळलं पाहिजे की तुझी तक्रार नाही. मी गेले, गळ्यात हात अडकवून.

जाणत्याने नारळ ठेवला, घसा साफ केला आणि सुरू केलं, "बा देवा महाराजा! ह्या लेकरू तुझ्या पायाकडे इलां हा, व्हय महाराजा."

"व्हय महाराजा," आम्ही सगळे.

"त्याच्या वाटेत कोण आडो इलो असात, कोणी काय खावक-पिवक घातलां असात, त्याचो तू बंदोबस्त कर, व्हय महाराजा."

"व्हय महाराजा."

"आणि कळत-नकळत त्याच्या हातून काय चूकभूल झाली असात, ती पदरात घे, व्हय महाराजा!"

सगळे व्हय म्हणाले आणि माझ्या घशातून आवाजच येईना. एवढ्या वर्षांत कळत-नकळत हे शब्द मी किती गाऱ्हाण्यांत ऐकले असतील. पण कधी विचारच केला नव्हता, की हे दोन वेगळे शब्द आहेत. त्यांना एकत्र बांधून टाकलं की कुठला आपला, ते सांगायला नको. जाणता थांबला आणि माझ्याकडे बघायला लागला. सगळे बघायला लागले. मी खोकले. देवळातल्या माणसांनी तो खोकला व्हय म्हणून धरला आणि गाऱ्हाणं पुढे गेलं. देवाने काय धरलं ते माहीत नाही.

मग कोर्ट. जज्जबाई तरुण, माझ्या मुलाच्या वयाच्या. आधी सरकारी वकिलांनी विचारलं ते मी सांगितलं. कागदाच्या पाकिटातून माझी पाटली काढून दाखवली, ही तुमची का? मी म्हटलं माझी, आणि घालायला हात पुढे केला, तर म्हणाले आत्ता नाही. मग मुलाचा वकील उठला. शहरातला, गोड बोलणारा.

"आजी, आरोपी त्या वेळी शुद्धीत नव्हता, बरोबर?"

मागच्या बाकावर बाय बसली होती. पदराचा बोळा तोंडावर धरलेला. मी तिच्याकडे बघितलं.

"शुद्ध काय मला मोजता येत नाही," मी म्हटलं.

"नुसतं हो की नाही सांगा. त्याचे डोळे लाल होते. हात थरथरत होते. तो काय करतोय हे त्याला कळत नव्हतं. हो की नाही?"

डोळे लाल होते, हात थरथरत होते, हे खरंच होतं. त्याच दोरीत तिसरं ओवलेलं. एक हो म्हटलं की तिन्ही येणार. आणि नेमके तेव्हा मला माझे सासरे आठवले आणि अंगणात न गेलेलं ताट. मी कशीबशी हसू दाबत म्हटलं, "त्याने बेडं लावलं."

"काय लावलं?"

जज्जबाई म्हणाल्या, "बेडं काय ते मला माहीत आहे. पुढे बोला, आजी."

"जाताना परत फिरला आणि बेडं लावून गेला. सगळे बांबू. आखूडसुद्धा."

वकील म्हणाला, "ते वाऱ्याने लागलं असेल."

मी काही बोलायच्या आत आरोपीच्या पिंजऱ्यातून आवाज आला. "वारो खंयचो? वाऱ्यान काय बेडां लागता? मीच लावलंय! नायतर गाय भितर शिरात नि काकीची अबोली खायत!"

सगळं कोर्ट त्याच्याकडे वळलं. तो स्वतःच दचकला. ज्याला त्या दुपारचं काहीच आठवत नव्हतं, त्याला गाय आठवत होती. त्याच्या वकिलाने डोळे मिटून घेतले. बायचा पदर तोंडावरून खाली आला. जज्जबाईंनी त्याला दरडावलं, मधे बोलायचं नाही, तुझ्या वेळी तुला विचारीन. पण मला वाटतं, त्यांच्याही ओठाचा कोपरा हलला.

त्याची वेळ आली तेव्हा त्यांनी खरंच विचारलं. शांतपणे, घरातल्यासारखं. कायद्यात नशेची सूट आहे, म्हणाल्या, पण ती अशी. कोणी बळजबरीने पाजलं असेल, किंवा फसवून दिलं असेल, आणि त्यापायी काय करतोय ते कळलंच नसेल, तर. तुला कोणी पाजलं?

मुलगा वकिलाकडे बघेना. आईकडे बघेना. माझ्याकडे बघितलं आणि मग खाली.

"कोणी नाय. मीच घेतलंय."

"आणि पाटली?"

"ती पण मीच."

'घडलं' गेलं आणि 'केलं' आलं. 'हातून' पण गेलं.

शिक्षेच्या दिवशी वकील खूप छान बोलला. व्यसन हा आजार आहे, आरोपी हा रुग्ण आहे, रुग्णाला कोणी तुरुंगात टाकतं का? माझ्यासुद्धा डोळ्यांत पाणी आलं, आणि मोडलेला हात माझा होता. जज्जबाई म्हणाल्या, "तो रुग्ण आहे हे मला मान्य. औषधाची सोय मी लिहून देते. पण त्या पडवीत रुग्ण म्हणून गेला नव्हता, शेजारी म्हणून गेला होता. म्हणून तर आजींनी पेज विचारली." मग त्यांनी शिक्षा सांगितली, उपचारांसकट. कबुलीचा विचार केला आहे, असंही म्हणाल्या. गाव म्हणाला, कमी झाली. त्याची आई म्हणाली, फार झाली. म्हणजे बहुतेक बरोबर असावी. तिठ्यावरचे टवाळ मात्र म्हणाले, "बेडां लावल्यान नि बेडी पडली." अजून म्हणतात.

बाय माझ्याशी बोलेनाशी झाली. पण यायची. प्लॅस्टर निघालं तरी हात वर जात नव्हता, म्हणून केस विंचरायला यायचीच. न बोलता, आणि गुंता दिसला की असा ओढायची, की माझ्या डोळ्यांसमोर काजवे. मी ओरडत नसे. म्हटलं, ओढ बाई, तुला दुसरं कोणाला ओढता येणार! मग एकदा तुरुंगात भेट घेऊन आली, आणि त्या संध्याकाळी कंगवा हलका लागला.

"त्याका सगळां आठवत होतां, वैनी," ती म्हणाली. "पयल्या दिसापासून. म्हणालो, आवशी, आठवणा नाय, आठवणा नाय म्हणान माझां डोक्यां फुटाचां रवलेलां."

"मगे आता?"

"आता झोप लागता म्हणता." थोडा वेळ कंगवा फिरत राहिला. "आणि विचारी होतो, अबोली कशी आसा."

तो सुटून आला तेव्हा अंगाने भरला होता, जेवणावरही वासना आली होती. परत त्या वाटेला जाणार नाही, असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. तोही सांगत नाही. उपचाराला जातो, पाळी गावात एका गॅरेजात काम बघतो. आईने अर्थात पुन्हा गाऱ्हाणं ठरवलं, ह्या वेळी आभाराचं. जाणता तोच, नारळ नवा.

"बा देवा महाराजा! लेकरू घराक इलां, व्हय महाराजा."

"व्हय महाराजा."

"कळत-नकळत त्याच्या हातून जी काय चूक झाली..."

"नकळत नुको," मुलगा म्हणाला. हळूच, पण देवळात घुमतं.

जाणत्याने मागे वळून बघितलं. "काय?"

"नकळत काढा. नुसतां कळत घाला."

"अरे, हे गाऱ्हाणां आसा की हॉटेलातली भाजी?" जाणता तापला. "हे काढ नि ते घाल! बापजाद्यांपासून कळत-नकळत आसा. उद्या दुसरो येयत नि म्हणात कळत काढ. मगे मी काय करू?"

आणि त्याने मुद्दाम, मागच्यापेक्षा मोठ्या आवाजात, दोन्ही शब्द जसेच्या तसे म्हटले. सगळे व्हय म्हणाले, मुलगा म्हणाला नाही. त्याने ओठ घट्ट मिटून घेतले होते.

मी मात्र ह्या वेळी खणखणीत 'व्हय महाराजा' म्हटलं, त्याच्या वाटचं धरून. बाय माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "बघतंस काय? मागचां एक ऱ्हवलां होतां."